मागच्या वर्षीचाच टाकलाय

पावसाने जरा उसंत घेतली होती. नाशिकच्या पंचवटी कारंजावरच्या टपरीवर सकाळची नेहमीची गर्दी होती आणि नेहमीसारखाच एक पेपर चार हातांतून फिरत होता. पहिल्या पानावर वरच्या निम्म्या भागात दुतोंड्या मारुतीचा, रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या मूर्तीचा, फोटो होता. छातीपर्यंत पाणी, मागे देवळांचे कळस, कडेला छत्र्या. अंगातला रेनकोट न काढताच चहा पिणाऱ्या एका गृहस्थांनी तो क्षणभर बघितला आणि पान उलटत शेजाऱ्याला म्हणाले, ‘‘मागच्या वर्षीचाच टाकलाय.’’ शेजाऱ्याने मान डोलावली. पुढचं बोलणं गंगापूर धरण किती भरलं आणि किती सोडतील यावर गेलं, पेपर भज्यांच्या कढईजवळच्या फळीवर जाऊन पडला, आणि फोटोचा विषय तिथेच संपला.

फोटो आदल्या दिवशीचाच होता. आदल्या दुपारी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाऊन आलेल्या कुणालाही तो ओळखता आला असता. तरी ते वाक्य काही केल्या मनातून जाईना.

कारण बोलणाऱ्याची चूक काढायला जागाच नव्हती. नाशिककरांनी पूर मोजायचं माप ठरवून ठेवलंय. क्युसेकचे आकडे धरणवाल्यांसाठी. आपल्यासाठी पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं, गळ्याला आलं. जुनी माणसं त्याच्याही पुढे जाऊन काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचा हवाला देतात आणि १९६९ चा पूर सांगतात. माप एकच, मूर्ती एकच, पाण्याचा रंग दरवर्षी तोच, आणि शहरातले सगळे प्रेस फोटोग्राफर साधारण त्याच चार-पाच जागांवरून तो फोटो काढतात. मग या वर्षीची छाती आणि मागच्या वर्षीची छाती यांत फरक कुठून दिसणार? ज्या फोटोसाठी माणूस दिवसभर भिजला, त्या फोटोत तो दिवसच नसेल, तर टपरीवरचा माणूस दुसरं काय म्हणणार?

वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरचं काम शिकायला किती वर्षं लागतात, असं कुणी विचारलं की कॅमेऱ्याची बटणं, लेन्स, प्रकाश यांच्याबद्दल बोललं जातं. तो भाग खरं तर दोन पावसाळ्यांत होऊन जातो. पुराचंच घ्या. सकाळी पाटबंधारे खात्याचा विसर्गाचा निरोप येतो. धरण शहरापासून पंधराएक किलोमीटर वर आहे, सोडलेलं पाणी रामकुंडावर यायला वेळ लागतो, आणि मध्ये शहरातला पाऊस व नाले त्यात भर घालतात. म्हणून निरोप आला की नवखा पोरगा गाडी काढून लगेच काठावर येतो, तासभर काहीच होत नाही, तेवढ्यात त्याची बॅटरी आणि धीर दोन्ही उतरतात. मुरलेला माणूस आधी सराफ बाजारात आणि भांडीबाजारात चक्कर मारतो. दुकानदार माल वरच्या फळीवर चढवायला लागलेत का, शटरच्या फटीत गोणपाट कोंबतायत का, हे बघतो. व्यापाऱ्यांचा अंदाज निरोपापेक्षा क्वचितच मागे असतो. ते वर्षानुवर्षं पायरी धरून पाणी वाचत आलेत.

रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे सकाळचं ऊन पंचवटीच्या अंगाने येतं आणि दुपारनंतर गावाच्या अंगाने. उन्हाळ्यात, श्रावण सोमवारी, कार्तिकी पौर्णिमेला हे गणित उपयोगी पडतं. पुराच्या दिवशी ऊनच नसतं. आभाळ पांढुरकं, सपाट, आणि कॅमेऱ्याचा मीटर त्या आभाळाला बघून फसतो. पाणी, मूर्ती, माणसं सगळं काळवंडतं. म्हणून एकतर आभाळ चौकटीबाहेर ठेवायचं किंवा एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप चढवायचं. शटरचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. एक पंधरांश सेकंदाला पाणी रेशमासारखं मऊ दिसतं. तसले फोटो कॅलेंडरवर शोभतात, पुराच्या बातमीत ते खोटे वाटतात. एक हजारांश सेकंदाला प्रत्येक थेंब गोठतो आणि नदी नांगरलेल्या काळ्या रानासारखी थबकलेली दिसते. एक साठांश ते एक एकशेपंचविसांशाच्या आसपास कुठेतरी पाण्याला ओढ दिसते, वाहून आलेलं लाकूड किंचित फरफटल्यासारखं होतं आणि मूर्तीच्या कडा मात्र ठाम राहतात. पण एवढ्या मंद शटरला कॅमेरा पुलाच्या कठड्यावर टेकवून चालत नाही. होळकर पुलावरून बस गेली की कठडा थरथरतो आणि ती थरथर लांब लेन्समध्ये दुप्पट-तिप्पट होऊन उतरते. कोपरं बरगड्यांना घट्ट लावायची, श्वास अर्धा सोडायचा आणि बस पुढे गेल्यावर दाबायचं. लेन्सवरचा थेंब हा वेगळाच वैताग. रुमाल ओला झाला की तो पुसत नाही, नुसता पसरवतो. म्हणून शर्टाच्या आतल्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन कोरडी सुती फडकी ठेवलेली बरी. एक संपलं की दुसरं.

हे सगळं येतं. हे सगळं आलेल्या माणसानेच तो टपरीवरचा फोटो काढला होता. निर्दोष फोटो होता.

शिकण्याचा पुढचा टप्पा पडद्यावर दिसत नाही, तो दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर दिसतो. वर्तमानपत्राचा कागद साधारण ४५ ग्रॅमचा, शाई पिणारा. छपाईतला ठिपका त्यावर पडला की पसरतो, मधल्या छटांचे ठिपके तर चांगले पाव हिश्शाने फुगतात. म्हणजे संगणकावर जो करडा रंग आहे तो कागदावर गडद होतो आणि जो गडद आहे तो सरळ काळा गोळा. नव्या फोटोग्राफरचा पुरातला पहिला फोटो छापून येतो तेव्हा त्याला हमखास हा धक्का बसतो. काल पडद्यावर पन्नास छत्र्या होत्या, प्रत्येकीची काडी दिसत होती, आणि आज पानावर एकच लांबलचक काळा डाग आहे. त्यानंतर तो छत्र्यांकडे बघत नाही, छत्र्यांमधल्या उजेडाकडे बघायला लागतो. दोन छत्र्यांमध्ये वीतभर जागा सापडेपर्यंत थांबतो. एखादी लाल किंवा पिवळी छत्री कडेला आली की त्याचा जीव भांड्यात पडतो. त्यातही चार रंगांच्या चार प्लेटा एकमेकींवर नीट बसल्या नाहीत की तिलाही निळी-गुलाबी किनार सुटते, आणि ते काही त्याच्या हातात नसतं.

कागदाशी असलेलं हे नातं जुनंच आहे, आणि नाशिकला तर ते फार जवळचं असायला हवं. इथून हाकेच्या अंतरावर, त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफी आणि ब्लॉकच्या छपाईत होते. तीनरंगी छपाईचं तंत्र शिकायला १९०९ मध्ये ते जर्मनीला गेले होते. चित्र काढणं वेगळं आणि चित्र कागदावर उतरवणं वेगळं, हे त्यांना पहिल्यांदा तिथल्या यंत्रांनी शिकवलं असणार. पुढे खिळेछपाईच्या काळात वर्तमानपत्रातला प्रत्येक फोटो जस्ताच्या पत्र्यावर ब्लॉक होऊन यायचा. इंचाला साठ-पासष्ट रेघांची जाळी, पेपर डोळ्याजवळ नेला तर चेहऱ्याऐवजी नुसते ठिपके. ब्लॉक करायला पैसे पडत, वेळ लागे, म्हणून पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांचे छोटे ब्लॉक कचेरीतल्या खणात नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेले असत. एखाद्याचे केस पांढरे झाले, दात पडले, तरी पेपरात तो वर्षानुवर्षं काळ्याभोर केसांनीच भाषण करायचा. तेव्हा कुणी ‘मागच्या वर्षीचाच टाकलाय’ म्हणत नसे. फोटो म्हणजे चेहऱ्याची निशाणी, एवढाच करार होता. तो दिवस फोटोत असावा, अशी अपेक्षाच नव्हती.

फिल्मच्या दिवसांत दिवस जपून वापरावा लागे. शंभर फुटी रीळ अंधाऱ्या पिशवीत हात घालून कापायचं, त्यातून छत्तीस फ्रेमचे अठरा-एकोणीस रोल निघत. तेच महिना पुरवायचे. सकाळचा सत्कार चार फ्रेम, दुपारचा मोर्चा दहा, संध्याकाळच्या अपघातासाठी निदान आठ राखून ठेवायच्या. डेव्हलपरला, म्हणजे फिल्म धुवायच्या रसायनाला, वीस अंश तापमान लागतं, आणि एप्रिल-मे महिन्यात नळाचंच पाणी तीस अंशांना टेकलेलं असतं. म्हणून ताटलीत बर्फ घालून त्यात डेव्हलपरचं भांडं ठेवायचं. बर्फ जास्त झाला की फोटो फिका, कमी पडला की दाणेदार. रात्री पान थांबलेलं असेल तर निगेटिव्ह वाळायची वाट बघायला वेळ नसायचा. ती स्पिरिटमध्ये बुडवून, झटकून, अर्धवट ओलीच एन्लार्जरला लावायची. तांबड्या दिव्याखाली कोऱ्या कागदावर पहिल्यांदा काळं उमटायचं ते डोळे आणि केस. चेहरा शेवटी. मुंबईच्या पेपराला फोटो पाठवायचा असला की खाकी पाकीट घेऊन एसटी स्टँड गाठायचं, नाहीतर भल्या सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस पकडून ओळखीच्या पासवाल्याच्या हातात द्यायचं. ज्या माणसाला छत्तिसात दिवस बसवायचा असे, तो डोळ्याला कॅमेरा लावण्याआधी बराच वेळ नुसता बघत उभा राही. आजची मुलं एका सत्काराला दोनशे फ्रेम काढतात. यात मुलांना नावं ठेवायची नाहीत. कार्डात जागा आहे, वापरणारच. मात्र दोनशे फ्रेम काढणारा माणूस बघण्याचं काम संध्याकाळी संगणकापुढे करतो, आणि तेव्हा ती गोष्ट होऊन गेलेली असते. एवढा फरक पडतो.

सत्काराबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण फोटोग्राफरच्या आयुष्यातले निम्मे दिवस त्यातच जातात आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही. मंगल कार्यालय, शाळेचं पटांगण, पालिकेचं सभागृह; शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि एका रांगेत अकरा माणसं. अकरांपैकी एकाचे डोळे मिटलेले असतातच, म्हणून तीन फ्रेम एकापाठोपाठ घ्यायच्या आणि तिसरीच्या आधी ‘झालं’ म्हणायचं. ‘झालं’ ऐकून माणसं सैल होतात, चेहरे माणसांचे दिसायला लागतात, तीच फ्रेम कामाची. दोन रांगा असतील तर छिद्र एफ ५.६ किंवा ८ ठेवायचं, नाहीतर मागची रांग धुरकट जाते. मांडवाचं कापड भगवं किंवा गुलाबी असेल तर दुपारच्या उन्हात ते सगळ्यांच्या तोंडाला रंग फासतं, आणि हा रंग नंतर काढता येत नाही, कारण चेहऱ्याची एक बाजू मांडवातून रंगलेली असते आणि दुसरी बाहेरच्या उजेडाने निळसर. तिथे फ्लॅश सरळ तोंडावर मारण्याला पर्याय नसतो. फोटो काढून झाला की खरं काम सुरू होतं: नावं. डावीकडून पहिले कोण, दुसरे कोण. वहीत लिहून घ्यायचं, शिवाय ती वही आणि व्यासपीठावरचा फलक यांचाही एकेक फोटो काढून ठेवायचा, म्हणजे संध्याकाळी सहाव्या सत्काराच्या वेळी तिसऱ्या सत्कारातली माणसं हरवत नाहीत. चुकलेला फोकस वाचक माफ करतो. चुकलेलं नाव करत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. त्या माणसाचं नाव आयुष्यात एकदाच पेपरात येणार असतं, ते कात्रण लॅमिनेट होऊन भिंतीवर जाणार असतं.

पानावर किती जागा मिळेल ते रात्री नऊनंतर कळतं. सहा कॉलम म्हणून काढलेला फोटो जाहिरात आली की दोन कॉलमांत बसतो. चार कॉलम म्हणजे साधारण सोळा सेंटीमीटर; त्याला तेराशेच्या आसपास पिक्सेल रुंदी पुरते. एवढा मोठा, महागडा कॅमेरा, आणि पान मागतं ते एवढंसं. म्हणून जुने लोक नव्यांना एक सवय लावतात: कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो नखाएवढा करून बघ. तेवढ्यातही काय चाललंय ते कळलं तर पाठव, नाहीतर पुन्हा काढ. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवायचा नाही, तो आकसतो आणि चेहऱ्यावर चौकोन येतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. पन्नास पाठवायचे नाहीत, पाच पाठवायचे. पन्नास पाठवले की निवड दुसरं कुणीतरी करतं, आणि ते ‘दुसरं कुणी’ काठावर उभं नव्हतं.

इथे लांब लेन्सची गोष्ट येते, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. सत्तर-दोनशे मिलिमीटरची लेन्स दोनशेवर नेऊन लांबून फोटो काढला की पुढचं-मागचं एकमेकांना चिकटतं. नदीपासून शंभर पावलं दूर असलेली घरं पाण्याला लागून आहेत असं वाटतं. विरळ मोर्चा गच्च दिसतो. हे कुणी मुद्दाम करतं असं नाही. लांब लेन्सचा तो स्वभावच आहे. पण फोटोग्राफरला ठाऊक असतं आणि वाचकाला नसतं, म्हणून जबाबदारी फोटोग्राफरची. सिंहस्थात हा प्रश्न दर पर्वणीला उभा राहतो. गर्दीचा फोटो हा तिथे शोभेचा नसतो, तो पुरावा असतो. २७ ऑगस्ट २००३ ला रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली, त्यानंतर गर्दी किती होती, कुठे अडली, कठडे कुठे होते, या प्रश्नांची उत्तरं लोक फोटोंतही शोधत होते. अशा वेळी लेन्सने दाट केलेली गर्दी आणि खरोखर दाट असलेली गर्दी यांतला फरक कुणाच्या तरी जिवाशी जाऊन भिडतो. म्हणून शहाणा माणूस तिथे दोन फोटो काढून ठेवतो. एक लांबून, पानासाठी. एक रुंद लेन्सने, वरून, जागेची रुंदी कळावी म्हणून. दुसरा बहुतेकदा छापला जात नाही. तरी काढायचा आणि वेळ लिहून ठेवायची.

निफाडकडे गारपीट झाली की वेगळी परीक्षा. नाशिकहून तासाभराच्या वाटेवर पोहोचेपर्यंत गारा वितळलेल्या असतात. ओंजळीत गारांचा फोटो हवा असेल तर तो गावातल्याच कुणाच्या तरी मोबाइलवरचा घ्यावा लागतो, आणि तो घेताना ‘कधीचा, कुठला’ हे दोनदा विचारावं लागतं, कारण गारांचे जुने फोटो दर फेब्रुवारी-मार्चमध्ये नव्याने फिरतात. द्राक्षबागेत उरतो तो तडकलेला मणी, फाटलेलं पान, वेलीखालच्या चिखलात पडलेले घड. शेतकरी बांधावर बसलेला असतो. त्याला ‘दादा, तो घड जरा हातात घ्या’ असं म्हणायचा मोह प्रत्येकाला एकदा तरी होतो. घेतोही तो, नाही म्हणत नाही. समोरचा माणूस शहरातून आपल्यासाठी आलाय एवढ्या भावनेनेच घेतो. फोटो चांगला येतो, आणि तो त्या बागेतला एकमेव खोटा फोटो असतो. न सांगता थांबलं तर तो उठतो, वेलीपाशी जातो, अजून काही वाचलंय का म्हणून पानं वर करून बघतो, तारेवर हात ठेवून उभा राहतो. त्याला वीस मिनिटं लागतात, कधी तासही. पान थांबलेलं असताना तासभर थांबायला जे लागतं ते शिकायला मात्र खरंच बरीच वर्षं जातात.

रंगपंचमीच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उलट असतं. तिथे थांबायला कुणी देत नाही. कॅमेऱ्याला दोन पिशव्या, लेन्सच्या तोंडाला काचेचा फिल्टर आणि भोवती टेप, पट्टा मनगटाला गुंडाळलेला, आणि बदलायची लेन्स नाहीच. त्या गर्दीत लेन्स काढली की कॅमेऱ्याच्या पोटात रंग गेलाच म्हणून समजा. धप्पा मारणारा, म्हणजे रहाडीत उडी घेणारा, हवेत असतो तो अर्धा सेकंदसुद्धा नाही. एक हजारांश शटर, आधीच फोकस काठावर बांधून ठेवलेला, आणि नजर उडी मारणाऱ्यावर न ठेवता काठावर उभ्या असलेल्यांच्या चेहऱ्यांवर ठेवायची, कारण उडी कधी पडणार ते त्यांना आधी कळतं. प्रत्येक रहाडीचा रंग वेगळा असतो, म्हणून रंग खरा उतरला तर जाणत्या माणसाला फोटोओळ न वाचताही कळतं की ही कुठली रहाड. हे मला फार आवडतं. फोटोत जागा अशी सापडली पाहिजे.

आणि वेळ? ती कशी सापडावी?

दुतोंड्या मारुतीचा तो फोटो घरी येऊन पुन्हा समोर घेऊन बघितला, आणि मागच्या वर्षीचा शोधून त्याच्या शेजारी ठेवला. दोन्ही निर्दोष. दोन्हींत मूर्ती मधोमध. फरक होते, शोधले तर: पाण्याची रेघ एका बोटाने खाली, मागच्या कठड्याचा रंग बदललेला, एका देवळावरचा ध्वज नवा. पण सकाळी चहा पिताना फोटोला पाच सेकंद देणाऱ्या माणसाने हे शोधायचं का? एक गोष्ट मात्र लक्षात आली. २०१६ च्या २ ऑगस्टला आणि २०१९ च्या ४ ऑगस्टला पाणी मूर्तीच्या डोक्यावरून गेलं, तेव्हाचे फोटो कुणालाच एकमेकांसारखे वाटत नाहीत. तेव्हा मूर्तीच दिसत नव्हती. फोटोग्राफरांपुढे नुसतं पाणी होतं आणि नाइलाजाने त्यांना कॅमेरा माणसांकडे वळवावा लागला. पाण्याकडे बोट करून ‘तिथे आहे बघ’ असं नातवाला दाखवणारे आजोबा, दुकानाच्या माळ्यावर बसून खाली बघणारा व्यापारी, पाण्यातून डोक्यावर वजनकाटा घेऊन येणारा भाजीवाला. जे झाकलं गेलं होतं त्याचा फोटो काढता येत नव्हता, म्हणून त्या दिवसाचा निघाला.

शिवाय संग्रहाचा घोळ असतो. कॅमेऱ्यातल्या घड्याळाला आत एक छोटी बॅटरी असते. मुख्य बॅटरी काढून कॅमेरा बरेच दिवस पडून राहिला की ती उतरते आणि तारीख मागे कुठल्या तरी वर्षाच्या १ जानेवारीवर जाते. घाईत कुणी लक्ष देत नाही. मग पुराचे फोटो चुकीच्या वर्षाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात, आणि तीन वर्षांनी रात्री अकराला डेस्कवरचा कुणीतरी ‘पूर’ असं शोधून त्यातलाच एक उचलतो. ‘संग्रहित’ हा शब्द कोपऱ्यात बारीक अक्षरात येतो, कधी कापलाही जातो. म्हणजे टपरीवरच्या माणसाला संशय यायला कारणं आपणच पुरवलेली आहेत. भरीला मोबाइलवर दर पावसाळ्यात २०१९ चीच चित्रफीत ‘आत्ताची’ म्हणून फिरते. लोक आता आधी संशय घेतात आणि मग बघतात. दोन-तीन दशकांपूर्वी फोटो छापला म्हणजे झालंच असणार, असं होतं. तो विश्वास परत येईल असं वाटत नाही, आणि त्याचं वाईट वाटतं.

म्हणून काय करायचं, तर फार मोठं काही नाही. रोज सकाळी बॅग भरताना कॅमेऱ्याचं घड्याळ फोनच्या घड्याळाशी मिळवायचं. दोन कॅमेरे असतील तर दोन्ही. फोटोओळीत ‘गोदावरीला आलेला पूर’ एवढंच न लिहिता जागा आणि वेळ लिहायची. आणि चौकटीत त्या दिवसाचं एक काहीतरी येईपर्यंत थांबायचं, जे पुढच्या वर्षी तिथे नसेल. अर्ध्यावर सोडलेला मांडव, शाळा लवकर सुटली म्हणून काठावर आलेली दप्तरवाली पोरं, हलवायची राहून गेलेली पुजेच्या सामानाची हातगाडी. असे फोटो पाठवले की डेस्क कधीकधी कुरकुर करतं. मारुती लहान झाला म्हणतात. थोडा होतोच. वाचक मारुती शोधतो हेही खरं आहे, तो काढून टाकून चालणार नाही. तेव्हा तो कोपऱ्यात, पाणी कुठवर आलंय ते कळेल एवढा, आणि बाकीची जागा दिवसाला.

पुढच्या पावसाळ्यात पाणी कमरेपर्यंतच आलं. मोठा पूर नव्हे, पहिल्या पानावर चार कॉलमच मिळाले. फोटोत मूर्ती डावीकडे, आणि उजवीकडे पायऱ्यांवर एकजण ओल्या दोरीने चहाची टपरी विजेच्या खांबाला बांधतोय, दोघं-तिघं छत्र्या बगलेत मारून त्याला हात लावतायत. खाली ओळ: रामकुंड परिसर, मंगळवारी दुपारी ३.४०. कारंजावर तोच पेपर तसाच हातोहात फिरत होता. मागच्या वर्षीचे गृहस्थ होते की नाही ते आठवत नाही, पण एकाने ओळ वाचली, मग फोटो डोळ्यांजवळ नेला. ‘‘पावणेचारला मी तिथंच होतो की,’’ तो म्हणाला, आणि छत्र्यांमध्ये आपली छत्री शोधायला लागला.